साडेपाच तास मागे

मावळ तालुक्यात कायम साडेपाच तास मागे राहून आयुष्यात एकदाही उशीर न केलेला माणूस एकच झाला, आणि तो माझा मावसदीर होता. भावजी जमीन मोजणीचं काम करायचे. लोणावळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसची व्यवस्था माझ्याकडे होती. म्हणजे याद्या मी करायच्या आणि भावजींनी त्या खिशात घालून विसरायच्या. उपग्रहांवरून जागा मोजणारं त्यांचं यंत्र जगाच्या वेळेवर चालायचं. आपले साडेनऊ म्हणजे त्याचे चार. रोज वजाबाकी कोण करणार, म्हणून भावजींनी मनगटावरचं घड्याळच मागे लावलं आणि पुढे सगळा संसार त्याच वेळेवर हाकला. माझ्या माहेरच्यांना एकदा त्यांनी "रविवारी सातला जेवायला या" असं आग्रहाचं आमंत्रण दिलं. माणसं संध्याकाळी सातला पोचली. भावजी दुपारी साडेबारापासून श्रीखंड झाकून, रागावून बसले होते.

कुरवंड्याच्या वर डोंगराला भेग पडली तेव्हा तिथलं काम त्यांच्याकडे आलं. जमीन अजून सरकतेय की थांबली, यावर भेगेखालच्या वाडीतली सहा घरं राहणार की हलणार हे ठरायचं होतं. भावजींनी तिथे सिमेंटचा खांब उभारून त्यावर यंत्र बसवलं आणि त्याचं वेळापत्रक भरलं : सुरुवात किती वाजता, किती वेळ, दर किती सेकंदांनी नोंद. एवढं एकदा भरलं की यंत्र रोज आपणहून जागं होतं, दोन तास नोंदी घेतं, त्या ऑफिसात धाडतं आणि झोपतं. माणसानं तिथं जावं लागत नाही, हाच त्याचा फायदा. भावजी रोज अर्धा तास आधी हजर!

पहिल्या घरातल्या मावशी त्यांना विचारायच्या, "आवो भाऊ, त्ये आपसूक चालतंय म्हन्ता, मंग तुमी कशापायी डोंगर चढताय?"

"मावशी, भाकरी आपोआप फुगते म्हणून तवा सोडून जाता का तुम्ही?"

"भाकर मी खाती. ह्याचं तुमी काय खाता?"

मावशींना मिलिमीटर कळायचे नाहीत, म्हणून भावजी जमिनीचं सरकणं तांदळाच्या दाण्यांत सांगायचे. "या आठवड्यात अर्धा दाणा."

"इंद्रायणी का कोलम?" मावशी विचारायच्या.

एकदा भावजींचे गुडघे सुजले, म्हणून नवं वेळापत्रक ऑफिसातूनच मी भरलं. सुरुवात साडेनऊ, असं व्यवस्थित लिहिलं आणि यादीत बरोबरची खूणही केली. साहजिकच यंत्र त्याच्या साडेनऊला, म्हणजे आपल्या दुपारी तीनला उठलं. भावजी सुजलेल्या गुडघ्यांनी नऊलाच वर पोचले होते. ते संध्याकाळपर्यंत मावशींच्या ओट्यावर बसून राहिले. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती, पण परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "वहिनी, मावशी दार खांद्यानं उचलून लावतात. महिनाभर घासतंय म्हणे. मी रोज अकरा-साडेअकराला उठून येत होतो. दुपारी त्या दार लावून कामाला निघतात, ते आज पाहिलं." चौकट तिरकी झाली होती. आकडे अर्धा दाणा सांगत होते, आणि घर त्याच्या पुढे गेलं होतं. त्याच दिवशी आम्ही अहवाल लिहिला : सहाही घरं हलवा.

घर सोडून निघताना मावशी म्हणाल्या, "जिमीन थांबली की सांगाया या, भाऊ. मी मागारी येनार." भावजींनी शब्द दिला. काम संपलं होतं, तरी त्यांनी यंत्र काढलं नाही. वेळापत्रकात शेवटच्या तारखेचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. असा रिकामा रकाना मला सोसत नाही. मी चारदा टोकलं. "राहू दे हो वहिनी," म्हणायचे.

दोन वर्षांनी, थंडीत, भावजी गेले. नोंदी येतच राहिल्या. यंदाचा पावसाळा सरला तेव्हा मी त्या ओळीनं मांडून पाहिल्या, दोनदा तपासल्या. वर्षभरात जमीन एक दाणाही सरकली नव्हती. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हे, म्हणून खालच्या नव्या घरी गेले. मावशी शेंगा सोलत होत्या. मी सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"इंद्रायणीचा दाना बी न्हाई?"

"नाही."

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाल्या, "आता वर जाऊन मी भांडू कुनाशी, बाई?"

मी उठले, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्ये मशिन चालू हाय अजून?"

"आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या."