कुत्र्यांना अहो म्हणणारे अण्णा

पन्नाशीची घोडी झाले होते मी, तरी औरादच्या बाजारात कासाराच्या चटईवर चपला काढून बसले आणि कुत्र्याचा पट्टा मांडीखाली दाबला. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून ते दिवसभर फिरवायला आणलेलं. बांगड्या भरून बघते तर कुत्रं गायब! ट्रॅक्टर, जीपगाड्या... प्रत्येक चाकाखाली मला तेच दिसत होतं. अनवाणी, रडत बाजार पालथा घातला आणि शेवटी निवाऱ्याच्या अण्णांना फोन केला.

हे अण्णा कुत्र्यांना अहो-जाहो करत, आम्हा माणसांना अरे-तुरे. ते आले, रागावले नाहीत, माझे अनवाणी पाय बघून चपला कुठे काढल्या एवढंच विचारलं आणि मला थेट कासाराकडे घेऊन गेले. कुत्रं माझ्या चपलांपाशी बसलेलं! अण्णांनी आधी त्याचे पंजे तपासले, "दमलात का हो?" म्हणाले. मग माझ्याकडे वळले,

"रडायलीस कामून? ते हितंच वाट बघायलेत. हरवली हुतीस तूच."