नाल्यातला नवस

देवाला बोललेला नवस फेडायचा राहिला की बाईला चैन पडत नाही. पण कोणत्या देवाला बोललो आणि काय बोललो हेच आठवत नसेल, तर तिनं जावं कुठं? माझी अगदी तशी गत झाली होती. लोक आपले अनुभव लिहितात तेव्हा देव त्यांना दर्शन देतो, निदान स्वप्नात येऊन स्वतःचा पत्ता तरी सांगतो. माझ्याकडून तो पत्ताच हरवला. वय तेव्हा कोवळं होतं, अक्कल त्याहून कोवळी. स्वतःला मात्र मी घरातली सगळ्यात शहाणी सून समजत असे. घरात सून मी एकटीच होते, तेव्हा ते काही खोटं नव्हतं.

आमच्या जिल्ह्याला लोक चांदा म्हणत आणि आमचा मुलूख मध्यप्रदेशात मोडे, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव नागभीडच्या अलीकडे, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि बांध्या संपल्या की जंगल. भादव्याचे दिवस होते. रोवणी आटोपली होती आणि घरधनी लाकडाच्या ठेकेदाराकडे गडचिरोलीच्या बाजूला गेले होते. माझी पहिली मुलगी चिमी नुकती भिंत धरून उभी राहायला लागली होती. तिला हिवताप आला. आमच्याकडे तेव्हा घरटी कुणी ना कुणी हिवतापानं कुडकुडत असे, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पण एका सकाळी तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. बाई मोठी करारी. गड्याची वाट न पाहता त्यांनी स्वतः बैल जुंपले आणि म्हणाल्या, "रडणं मागून कर, आधी गाडीत बस. नागभीडले सरकारी डाक्टर हाय." मी गाडीत बसले आणि तिथून माझं नवस बोलणं सुरू झालं. गावाच्या शिवेवर वाघोबा लागला, त्याला नारळ बोलले. पुढं मोकळ्या रस्त्यावर आल्यावर चांद्याच्या महाकालीला खणानारळाची ओटी बोलले. चिमीनं मान टाकली तेव्हा मार्कंड्याच्या महादेवाला अनवाणी येऊन बेल वाहीन म्हणाले. जणू सगळ्या देवांनी मिळून माझ्या गाडीला खांदा लावायचा होता, आणि एकालाही वगळलं तर तो रुसून चाक धरून बसणार होता. आत्याबाई पुढं बैल हाकत होत्या. माझी पुटपुट ऐकून त्या एकदा मागं वळल्या आणि म्हणाल्या, "वो, इतक्या देवांले हाका मारून राह्यली, इलेक्शनले उभी हाय का?"

नाल्यापाशी येऊन गाडी थांबली. वरच्या अंगाला जंगलात पाऊस झालेला असावा. नाला भरून वाहत होता आणि बैल काही केल्या पाण्यात पाय घालेनात. अलीकडच्या काठावर एक गोंड बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीत वास्ते होते, बांबूचे कोवळे कोंब, नागभीडच्या बाजारात विकायला नेण्यासाठी. पाणी उतरण्याची ती वाट पाहत होती. आत्याबाईंनी तिला विचारलं, "किती वेळ लागंल वो?" तिनं पाण्याकडे पाहिलं, मग गाडीत चिमीकडे पाहिलं. उत्तर न देता उठली. टोपलीतले वास्ते झाडाखाली ओतले, टोपलीत आपलं फडकं अंथरलं आणि म्हणाली, "दे पोट्टी."

त्या क्षणी शहाण्या सुनेनं काय केलं असेल? मी विचारलं, "टोपली स्वच्छ हाय का?" पोरीचा जीव टांगणीला लागला होता आणि मी टोपलीत काय शोधत होते ते तो देवच जाणे. आत्याबाईंनी माझ्या हातातून चिमीला अक्षरशः हिसकून घेतलं आणि टोपलीत ठेवलं. त्या बैलांपाशी अलीकडेच राहिल्या. त्या बाईनं टोपली डोक्यावर घेतली, एका हातानं ती धरली, दुसऱ्या हातानं माझं मनगट, आणि आम्ही पाण्यात उतरलो. पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला लागलं. माझे पाय सुटायला लागले. मी पाय रोवायला जाई आणि खालची वाळू सरके. ती ओरडली, "तू पाय नको रोवू! मी ओढतो तिकडं ये फक्त!" मी तिच्या अंबाड्याला लोंबकळले. नाकातोंडात पाणी जात होतं आणि मी ओरडून ओरडून नवस बोलत होते. एवढंच मला आठवतं. कुणाला बोलले आणि काय बोलले, ते सगळं पाण्याबरोबर वाहून गेलं.

पलीकडे कादरभाई मन्यार सायकल टेकवून उभे होते. बांगड्या भरायला ते गावोगाव फिरत, आमच्या गावीही येत. त्यांनी काही न विचारता कॅरियरवरची बांगड्यांची पेटी सोडून त्या बाईपाशी ठेवली. "बहू, पीछे बैठो. बच्ची को कसके पकडो." परक्या माणसाच्या सायकलवर बसायचं म्हणून मी पदर सावरत उभी राहिले. कादरभाईंनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मैं तुम्हारे बाप की उमर का हूं बेटी, और ये सायकल मुझसे भी बूढी है. बैठो!" बसले. सायकलवर आयुष्यात पहिल्यांदा बसले, आणि जाता जाता नागभीडच्या दर्ग्यालाही एक चादर बोलून टाकली. सायकल त्यांची, तेव्हा देवही त्यांच्याच ओळखीचा बरा, असा माझा हिशेब. डॉक्टरनं सुई टोचली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला लावल्या, आणि दिवस कलायच्या आत चिमीनं डोळे उघडून माझ्याकडे बघत भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

घरी आल्यावर नवस फेडणं सुरू झालं. वाघोबाचा नारळ फोडला. दर्ग्यावर चादर चढवायला कादरभाईच बरोबर आले. छोट्या रुळांच्या आगगाडीनं चांद्याला जाऊन महाकालीची ओटी भरली. मार्कंड्याला जाऊन अनवाणी बेल वाहून आले, टाचांत काटे घेऊन. पण नाल्यातला नवस राहिला. रोज अंघोळ करताना डोक्यावर पाणी ओतलं की मी डोळे मिटून आठवायला बघे. देवीच होती की महादेव? कोंबडं बोलले होते की चांदीचा पाळणा? पाळणा बोलले असेन तर आमची गाय विकावी लागली असती. चिमी शिंकली की मी देवघराकडे धावे. आमच्याकडे सगळेच म्हणत, नवस राहिला की देव लेकरू परत मागतो.

दिवाळी झाली आणि धानाची कापणी सुरू असताना चिमीला पुन्हा ताप आला. डॉक्टरच्या गोळ्या सुरू होत्या, पण ताप उतरून पुन्हा चढे. मी आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवून रडले. "नाल्यातला देव रुसला. कोणता तेच ठाऊक नाई." आत्याबाई म्हणाल्या, "नाल्यात तुझ्यासंग आणखी एक जण होती ना? तिचे कान तर शाबूत हायेत. तिले विचार."

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. त्याहून मोठी गंमत अशी की मी चांद्याला गेले, मार्कंड्याला गेले, पण ज्या बाईनं माझं लेकरू डोक्यावरून नेलं तिच्याकडे एकदाही गेले नव्हते. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. नागभीडच्या बाजारात ती सापडली. समोर बिब्बे आणि चारोळीचे ढीग मांडून बसली होती. तिचं नाव सोमी.

मी म्हटलं, "सोमीबाई, वळखलं का मले?"

"तुले काऊन नाई वळखणार? अर्धे केस उपटले तूनं माझे," ती म्हणाली. "पोट्टी कशी हाय?"

मी तापाचं सांगितलं आणि भीत भीत विचारलं, "मी पाण्यात कोणत्या देवाचं नाव घेत होती? कोणता नवस बोलली? तुले आठवते का?"

सोमी अशी हसली की शेजारचा कांदेवाला वळून बघायला लागला. "देवाचं नाव कुठी घेतलं तूनं? 'बाई वो, सोडू नको, माझी पोट्टी वाचली त तुले लुगडं नेसवीन, तुझी ओटी भरीन,' असं माझ्याच कानात बोंबलून राह्यली होतीस. कान बसला माझा!"

मी विचारलं, "अन् तू काही बोलली नाई?"

"काय बोलू? पोर घाबरली हाय, म्हटलं. घाबरलेलं माणूस काहीही बोलते." मग बिब्बे उगाच सारखे करत हळू म्हणाली, "अन् माझी कसली ओटी? माझा धनी मरून किती पावसाळे झाले."

मी घरी निघाले. देव सापडला होता, पण त्याचा नवस फेडायची सोय नव्हती. विधवेची ओटी कुणी भरत नसे. भरावी तर लेकीवर आणखी काही ओढवेल, अशीही भीती होती. आत्याबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता त्या कपाळाला हात लावतील. त्यांचं सूप थांबलं नाही.

"चांद्याले जाऊन महाकालीची ओटी भरून आलीस ना?"

"हो."

"तिले विचारलं होतं का, तुझा नवरा जित्ता हाय का म्हणून?"

"आत्याबाई, ती देवी हाय!"

"अन् नाल्यात होती ते कोण होती?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघी सोमीच्या पाड्यावर गेलो, आत्याबाई, मी आणि माझ्या खांद्यावर तापलेली चिमी. शेजारणी वाटेत विचारत होत्या आणि आत्याबाई बेधडक सांगत होत्या, "नवस फेडाले चाललो." कोणत्या देवाचा, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "जागृत देवस्थान हाय, तुमाले नाई ठाऊक."

सोमीनं आम्हाला पाहिलं आणि ती गांगरली. तिला पाटावर बसवलं. मी लुगडं तिच्या हाती दिलं, खण, नारळ, तांदूळ पदरात घातले. आत्याबाईंनी हळद लावली आणि कुंकवाचं बोट पुढं केलं तसं सोमीनं कपाळ हातानं झाकलं. मग माझी ती करारी सासू, जिनं आयुष्यात कुणापुढं मान वाकवलेली मी पाहिली नव्हती, खाली वाकली आणि ते कुंकू तिनं सोमीच्या पायांवर वाहिलं, देवीच्या पायांवर वाहतात तसं.

"अवो, काय करून राह्यले तुमी!" सोमीनं पाय ओढून घेतले. पण तोवर वाहून झालं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं पदरातले चिमूटभर तांदूळ उचलून रिवाजाप्रमाणे माझ्या ओटीत घातले, चिमीला मांडीवर घेतलं आणि तिच्या तापलेल्या कपाळावर आपला भेगाळलेला तळहात ठेवून बसून राहिली.

चिमीचा ताप पुढं काही दिवसांत उतरला तो त्या वर्षी परत आला नाही. कडू गोळ्यांनी उतरला की त्या तळहातानं, हे शोधायला मी गेले नाही. त्या अंगणात बसल्या बसल्या माझी भीती मात्र सरली होती. मी सगळे देव विसरले आणि जिचं नावही ठाऊक नव्हतं तिच्या अंबाड्याला लोंबकळले, तेच माझं खरं शरण जाणं होतं. त्याआधीचं सगळं म्हणजे देवाशी केलेली घासाघीस.

तेव्हापासून मी आभार मानायचं उद्यावर टाकत नाही. माझी स्मरणशक्ती कशी आहे ते मला पक्कं ठाऊक. चिमीला आता नातवंडं आहेत. ती म्हणते, आई, तू एसटीच्या कंडक्टरला काय नमस्कार करतेस, लोक हसतात. हसू देत. वळणावर गाडी थांबवून तो माझ्यासारख्या म्हातारीला हात देऊन चढवतो. बिचाऱ्याची ओटी भरता येत नाही, म्हणून हातावर साखर ठेवते. दवाखान्यात सुई टोचणाऱ्या पोरीची ओटी भरते, ती लाजून लाल होते. शेजारचा मास्तर संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना फुकट शिकवतो, त्याला सणाला पुरणाची पोळी पोचवते आणि कशाबद्दल ते तोंडानं सांगते. न सांगता दिलेली पोळी नुसती पोळीच राहते.

आज आत्याबाई नाहीत, सोमीबाई नाही, कादरभाईंची सायकलही नाही. देवघरात बसले की मी देवीला एवढंच म्हणते, "माय, माझं सगळं तुझ्या हाती. कोणत्या वेशात येशील ते मला सांगूही नकोस. मी आपली सगळ्यांनाच नमस्कार करून ठेवते."