हिरव्या पावडरीचा म्हातारा

माझे धाकटे दीर मुंबईतली कारकुनी संपवून गावी परतले, तेव्हा त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता आणि करायला कामही नव्हतं. पहिल्या दोन गोष्टींसाठी आम्ही देवाला नारळ ठेवला. तिसरीकडे लक्ष द्यायला हवं होतं.

आमचं घर मालवणहून तारकर्लीला जाणाऱ्या रस्त्याला आहे. बाजूला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. खोल्या माझे पती बघतात, स्वयंपाक मी बघते आणि आम्हा दोघांवर काका नजर ठेवतात. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. उमेदीत मालवाहू जहाजांवर होते, लग्न राहून गेलं. आता पंच्याऐंशीच्या पुढेमागे असतील. सकाळी पेज, दोन्ही वेळा मासे, आणि पावण्यांच्या मुलांना दटावणं हा त्यांचा दिनक्रम. गुडघे दुखायचे. मग मी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून द्यायची, तो ते खोबरेल लावून बांधायचे आणि "काय फरक पडना नाय" म्हणत दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचे.

झाडपाला आमच्या घराला नवा नव्हता. खोकल्याला कुंपणातला अडुळसा, पोट बिघडलं तर कुड्याची साल उगाळून, पित्त झालं तर कोकमाच्या सोलांचं पाणी. त्यातलं काही लागू पडायचं, काही पडायचं नाही, आणि ताप उतरला नाही की आम्ही मुकाट्याने मालवणात डॉक्टरांकडे जायचो. याला कोणी शास्त्र म्हणत नव्हतं. यासाठी कोणी टायही बांधत नव्हतं.

भावजींनी टाय बांधला. सावंतवाडीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये कसलासा सेमिनार होता. सकाळी शर्ट-पँटीत गेलेले भावजी संध्याकाळी गळ्यात टायचा पट्टा, छातीवर बिल्ला आणि दोन्ही हातांत खोके घेऊन परतले. खोक्यांत डबे आणि डब्यांत हिरवी पावडर. गुळवेल, अश्वगंधा, शेवगा आणि आणखी बरंच काही. डब्यावर डोंगर होता, धबधबा होता आणि ध्यानाला बसलेली एक बाई होती.

मी झाकण उघडून वास घेतला. "भावजी, गुळवेल तर आपल्या मागच्या आंब्यार चढलीहा. गेल्या वर्षी तुमीच ती तोडूक गडी लावलास."

"वहिनी," भावजी म्हणाले, "ती गुळवेल प्रोसेस केलेली नाही."

घरात आमच्याशी मालवणीत बोलणारे भावजी डब्याचा विषय निघाला की शुद्ध मराठीत शिरायचे. पुढे पुढे भाषा बदलली की आम्ही उठून जायला लागलो.

महिनाभरात त्यांनी पाहुणे, शेजारी, रिक्षावाले आणि देवळात भजनाला येणारे सगळे गाठले. आमच्या खोल्यांत उतरलेलं पुण्याचं एक जोडपं सोलकढी पीत बसलं होतं, तिथे जाऊन त्यांना शरीरात साचलेल्या विषाची माहिती दिली. जोडप्याने सोलकढी खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडली. माझा नवरा भावजींना खूप बोलला. भावजी शांतपणे म्हणाले, "सुरुवातीला सगळे हसतात. सेमिनारमध्ये सांगितलं होतं."

डबे खपेनात, तेव्हा त्यांचे वरचे साहेब कोल्हापूरहून आले. चाळिशीचा गोरागोमटा माणूस, दाढी कोरलेली, हातात मोठा मोबाइल आणि तो लावायचा स्टँड. घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसलेल्या काकांकडे बघून त्याचे डोळे असे चमकले, की हा माणूस काकांना विकत घेतो की काय असं मला वाटलं.

"हेच तुमचं प्रॉडक्ट," तो भावजींना म्हणाला. "या वयात ही तब्येत! यांचा अनुभव पाहिजे."

काकांनी पावडर कधी जिभेला लावली नव्हती. पण फोटो काढायचा म्हटल्यावर ते आत गेले, पांढरा सदरा घालून आले. साहेबांनी त्यांच्या हातात डबा दिला आणि मोबाइल सुरू केला. मी ओसरीवर नारळ किसत होते.

"काका, आपल्याला आधी काय त्रास होता?"

"त्रास? पावण्यांचो."

"नाही, तब्येतीचा. गुडघे दुखायचे ना?"

"दुखतत."

"दुखायचे, असं म्हणा."

"म्हणान काय करू? आताय दुखतत."

साहेब हसले. घाम पुसून त्यांनी पुन्हा विचारलं, "हा डबा सुरू केल्यावर काय वाटलं?"

काकांनी डबा फिरवून बघितला. "झाकान लय घट आसा."

"बरं, तुमच्या आरोग्याचं रहस्य काय?"

"बांगडो," काका म्हणाले. मग थोडा विचार करून, "नायतर तारली."

मी तोंडाला पदर लावून आत पळाले. पण साहेब पक्के होते. त्यांनी प्रश्न विचारणंच थांबवलं. काकांना तुळशीपासून रस्त्यापर्यंत चालायला लावलं, वळून हात हलवायला लावलं. मग पाहुण्यांच्या रिकाम्या खोलीत नेऊन पलंगावर निजवलं, छातीपर्यंत चादर घातली आणि पडदे ओढून तेही टिपलं. एवढी गार खोली आणि मऊ गादी काकांना कधी मिळाली नव्हती. ते खरंच झोपले. साहेब गेल्यानंतरही तासभर घोरत होते.

आठवड्याभरात व्हिडिओ फिरू लागला. आधी अंधाऱ्या खोलीतला पलंग आणि रडकी बासरी. एक भारदस्त आवाज सांगत होता की, दर्यावर आयुष्य काढलेला हा कोकणचा वाघ दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. मग डबा. मग ढोलताशे, आणि काका तुळशीपासून रस्त्यापर्यंत ताडताड चालत निघाले आहेत. बांगड्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

काकांनी तो पहिल्यांदा भावजींच्या मोबाइलवर बघितला आणि मनापासून हसले. "मेल्यानो, काय फटिंग असात रे तुमी!"

पण नंतर माणसं भेटू लागली. बाजारात एकाने वाकून नमस्कार केला. मुंबईहून पुतण्यांचे फोन आले की, काका, तुम्ही एवढे आजारी होतात, आम्हाला कळवलंही नाही. काका आधी म्हणायचे, "नाय रे, मी काय आजारी नाय होतंय." मग नुसतं हसू लागले. मग एक दिवस एका शेजाऱ्याला मी त्यांना सांगताना ऐकलं, "वायच कठीणच होता तेवा."

त्या दुपारी मी भात वाढत असताना त्यांनी विचारलं, "गो, मी आंथरुणार किती दिवस होतंय?"

"तुमी खंय आंथरुणार होतास? दोन वर्सांमागे आठवडोभर ताप इल्लो, तितकोच."

"आठवडो नाय. जास्त होतो. तुका म्हायत नाय," काका म्हणाले, आणि जेवू लागले.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारपणी होतं असं. तसं असेलही. पण मला ते बरं वाटलं नाही. आयुष्यभर कुठल्या बंदरात कुठला मासा खाल्ला ते तारखेसकट सांगणारा माणूस. त्याची आठवण अडीच मिनिटांच्या ढोलताशांनी पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी पेज बंद केली आणि कोमट पाण्यातून पावडर घ्यायला सुरुवात केली. ज्या औषधाने आपण बरे झालो, ते सोडून कसं चालेल? भावजींना मनातून काय वाटलं माहीत नाही, पण त्यांनी डबा आणून दिला. काका एका चमच्याचे दोन करू लागले. आणि गंमत म्हणजे गुडघ्यांची तक्रार थांबली. निर्गुडी मागेनात. भावजी माझ्याकडे असे बघायचे की, आता बोला. मी बोलायचे नाही. गुडघे काकांचे होते.

पावसाळा सरत आला तसं काकांचं जेवण कमी झालं. तळलेली सुरमई बशीत तशीच राहिली, तेव्हाच खरं तर मी घाबरायला हवं होतं. मग अंगाला खाज सुटली. एका सकाळी ते विहिरीवर तोंड धूत होते, उन्हात डोळे वर केले, आणि मला दिसलं की डोळे हळदीसारखे झालेत.

मी भावजींना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि लगेच साहेबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. "डिटॉक्स सुरू झालं. आतली सगळी घाण बाहेर पडतेय. डोस वाढवा."

"अहो, डोळे पिवळे झालेत."

"तेच तर! पिवळं म्हणजे पित्त. बाहेर पडू द्या."

मी फोन घेतला आणि तुमच्या वडलांचे डोळे पिवळे झाले तर काय कराल, असं विचारलं. पलीकडे रेंज गेली.

आता भावजीही घाबरले. पण घाबरला तरी माणूस आपल्या वळणानेच जातो. ते म्हणाले, "तळेऱ्याकडे एक जण काविळीचां औषध देता. पाळामुळांचा. एकाच फेऱ्यात उतारता."

"पाल्यान झाला, ता पाल्यानच उतरवतास?" मी म्हटलं. "नंतर तेच्यान काय झाला तर कोणाकडे नेतालास?"

नवरा एरवी दोघांत पडत नाही. त्या दिवशी तो सरळ रिक्षा घेऊन आला.

मालवणच्या डॉक्टरांनी काकांच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबलं आणि विचारलं, "नवीन काय सुरू केलंय?"

"काही नाही," भावजी म्हणाले. "कुठलंही औषध नाही."

"गोळ्या, काढा, चूर्ण?"

"ते आहे. पण ते नॅचरल आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कावीळही नॅचरलच असते. डबा आणलाय का?"

डबा मी पिशवीत घालून आणला होता. त्यांनी बारीक अक्षरं वाचली. गुळवेलीने काही जणांच्या लिव्हरला सूज येते, म्हणाले. सगळ्यांच्या नाही, पण येते, आणि या वयात, दुप्पट घेतल्यावर धोका जास्त. शिवाय डब्यात जे लिहिलंय तेवढंच आहे, याची खात्री कोण देणार? रक्त तपासलं, कावीळ होण्याची दुसरी कारणं पाहिली, त्यातलं एकही निघालं नाही. पावडर त्याच दिवशी बंद झाली आणि काका दवाखान्यात दाखल झाले.

तिथे मात्र भावजींनी कोणाला बसू दिलं नाही. रात्रंदिवस तेच उशाशी. काकांचं अंग पुसायचं, शहाळं भरवायचं, लघवीचा रंग बघून नर्सला सांगायचं. एवढी सेवा सख्खा मुलगा करणार नाही. पावडरीचं नाव मात्र त्यांनी एकदाही काढलं नाही.

एकदा मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा काका डोळे मिटून पडले होते. छातीपर्यंत चादर होती. भावजी पंखा कमी करायला उठले, तसं काकांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं.

"रे," ते म्हणाले, "आता तुझो विडिओ खरो झालो."

भावजी बाहेर जाऊन जिन्यात बसले. मी काही मागे गेले नाही. मला दया आली नाही असं नाही, पण तिला थोडं थांबवलं.

काका सावरले. वेळ लागला. आधी खाज गेली, मग डोळे निवळले, आणि एके दिवशी त्यांनी पेजेबरोबर सुकट मागितली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघे पुन्हा दुखायला लागले. म्हणजे सगळं ठीक होतं.

भावजींनी साहेबांना फोन करून व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. साहेब म्हणाले की, तो आता कंपनीचा आहे, आणि तसंही सगळीकडे गेलाय. पण वाईट वाटून घेऊ नका, लिव्हरसाठी आपलं नवीन सिरप येतंय. काका बरे झालेच आहेत, तर त्यांचा एक अनुभव घेऊन टाकू.

भावजींनी फोन ठेवला. मग मालवणीत एक शिवी दिली. शिवी इथे लिहिता येत नाही, पण भाषा घरी परतली हे ऐकून मला बरं वाटलं. उरलेले डबे त्यांनी माडांच्या मुळात रिकामे केले. माडांना काही झालं नाही, फायदाही नाही. बिल्ला कुठे गेला ते मी विचारलं नाही. आता ते खोल्यांचं बुकिंग बघतात आणि पावण्यांशी हवामानाखेरीज काही बोलत नाहीत.

गेल्या महिन्यात देवगडच्या बाजूची एक बाई सुनेला घेऊन आमच्या दारात उतरली. दोन गाड्या बदलून आली होती. व्हिडिओतलो म्हातारो हयच रवता काय, म्हणून विचारत होती. तिच्या नवऱ्याला लकवा झाला होता. मी तिला खळ्यात बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं: काका कधीच खिळलेले नव्हते, पावडरीने त्यांना कावीळ झाली, मरता मरता वाचले. काका समोरच बसले होते. तेही म्हणाले, "खरां सांगता ती. घेव नको."

बाईने नीट ऐकून घेतलं. मध्ये मध्ये "अगो बाय" म्हणाली, सुनेकडे बघून मान हलवली. नवऱ्याला डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेत ते करून घे, असं मी म्हटलं, त्यालाही हो म्हणाली. चहा संपवून उठली, काकांच्या पायांना हात लावला. पायरी उतरताना माझ्या जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ता सगळां खरां गो. पण डबो मिळता खंय?"