न ऐकलेली टकटक

त्याला सगळे कानसेन म्हणत. गॅरेजवर पाटी होती, पण ती वाचतो कोण? जुन्या गाडीचं स्टिअरिंग कुरकुरायला लागलं की मालक थेट त्याच्याकडे येत. इंजिन चालू ठेवून तो स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, डोळे मिटायचा आणि दुखणं सांगून मोकळा व्हायचा. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, असं तो छातीठोकपणे सांगे.

गेली दोन वर्षं मात्र तो गिऱ्हाइकालाच म्हणायचा, "कसा आवाज येतो, तोंडाने काढून दाखवा बघू." चांगली पोक्त माणसं गॅरेजात उभी राहून कुंई कुंई करायची आणि बाकीचे खो खो हसायचे. कानसेनाची गंमत, असं सगळ्यांना वाटे. गंमत कसली डोंबलाची! त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. बायकोलासुद्धा त्याने हे सांगितलं नव्हतं. कानांवर घर चालवलेल्या माणसाने कान गेल्याचं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

त्या सकाळी लेक आली. गाडी अठरा वर्षांची, मागच्या सीटवर नात, गळ्यात निळी पाण्याची बाटली, शाळेला निघालेली. शाळा टेकडीच्या उतारापलीकडे.

"बाबा, वळवताना कुंई करतंय."

त्याने बॉनेट उघडलं. स्टिअरिंगचं तेल तळाला गेलेलं. कारण हाती लागलं आणि स्वारी खूश! कारण पटकन सापडलं नाही तरच तो गाडीखाली शिरून चाकं वळवणारा रॉड हाताने हलवून बघायचा; आज बघितलाच नाही. तेल ओतताना लेक इंजिनच्या घरघरीत आणखी काहीतरी सांगत होती. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात तो आता तरबेज झाला होता. निघताना तिने काच खाली करून पुन्हा काहीतरी विचारलं. त्याने हसून हात हलवला.

पाच मिनिटांनी बायको चहा घेऊन आली.

"गेली का हो तिची टकटक?"

"कसली टकटक?" त्याने दोनदा विचारलं.

"अहो, कालपासून सांगतेय ती! चाक वळलं की पुढून टकटक वाजतं म्हणून. तुम्हाला बोलली नाही?"

कानसेनाने कप खाली ठेवला. कुंई म्हणजे तेल. टकटक म्हणजे रॉडच्या टोकाचा गोळा झिजलेला. तो निसटला की स्टिअरिंग हातात फिरत राहतं आणि चाक वाटेल तिकडे जातं. आणि पुढे उतार होता.

त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. उचलणार कशी? गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यानेच तिला दटावून शिकवलं होतं.

चपला न घालताच तो स्कूटरवर बसला. प्रत्येक वळणावर तो आधी कठडा बघायचा, मग रस्ता. कठडा कुठे तुटलाय का, एवढंच. नातीची निळी पाण्याची बाटली काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

उतार सुरू होण्याच्या जरा अलीकडे गाडी कडेला उभी होती. लेक बाहेर. नात आत, खिडकीशी.

"पुढे न्यायचा धीरच होईना," लेक म्हणाली. "टकटक वाढली. बाबा, निघताना विचारलं होतं ना मी, टकटक अजून येतेय, जाऊ का? तुम्ही हसलात."

तो गाडीखाली शिरला. रॉडचं टोक धरून हलवलं. ते सैल दातासारखं हातात डुलत होतं. आणखी एखादं वळण, फार तर दोन. तिथेच पाठीवर पडल्या पडल्या त्याला रडू कोसळलं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "मला ऐकूच आलं नाही गं. डावा कान गेलाय, उजवाही चाललाय. दोन वर्षं झाली."

लेक त्याच्या उजव्या कानाशी वाकून सावकाश म्हणाली, "बाबा, मग या दोन वर्षांत किती गाड्या अशाच सोडल्यात?"

टॅक्सीवाल्याची पांढरी गाडी. नर्सबाईंची. तो पाव पोचवणारा, त्याची तर परवाचीच.

तेलकट बोटांनी त्याने खिशातून फोन काढला आणि लेकीच्या हातात दिला.

"तू लाव," तो म्हणाला. "पलीकडचं मला ऐकू येणार नाही."