सतवंतच्या रोट्या

देबोच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गल्लीला मान्य होतं. खुद्द देबोलाही मान्य होतं आणि तिला त्याचा थोडा अभिमानच होता. अमृतसरच्या जुन्या वस्तीत, गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत तिचा तंदूर होता. सासू गेल्यावर तो तिच्याकडे आला. घरोघरच्या बायका भरलेल्या रोट्या थापून, ओल्या फडक्याखाली झाकून आणायच्या आणि देबो त्या भाजून द्यायची. भाजणावळ म्हणून ज्या त्या घरून कणकेचा एक उंडा घ्यायचा, एवढाच व्यवहार.

हिवाळ्यात तर तिथं चढाओढच लागे. कुणाचा मुळा, कुणाची फुलकोबी, कुणाचं पनीर. काश्मीरो बटाट्यात अनारदाणा घाले आणि ते दहा जणींना ऐकू जाईल असं सांगे. भाजून निघालेली पहिली रोटी तंदूरापाशीच मोडायची, हा रिवाज. पहिला घास देबोचा, मग बसलेल्या सगळ्यांचा. कुणाच्या घरी काय शिजतंय आणि कुणाचं मीठ जास्त पडतंय, हे त्या एका घासावरून गल्लीभर व्हायचं.

एक सतवंत तेवढी रोटी मोडत नसे. गर्दी पांगल्यावर यायची, रोट्या भाजून घ्यायची आणि "बेबे भुकेली बसलीय, चाची" म्हणत निघून जायची. बेबे म्हणजे तिची सासू, निहाल कौर. सतवंतचा नवरा बचित्तर इटलीला होता. तो दर महिन्याला भरपूर पाठवतो, असं म्हातारी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. देबोनं त्यावरून सरळ हिशेब मांडला होता: परदेशचा पैसा आला, आता आपल्या तंदूरावर घास मोडायला हिला कमीपणा वाटतो. तो सल तिच्या मनात बरेच दिवस होता.

माघातल्या एका रविवारी ऊन छान पडलं होतं आणि बायका काही केल्या उठेनात. सतवंत दोनदा कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेली. तिसऱ्यांदा देबोनंच हाक मारली, "अगं ये की! आम्ही काय चावतो?"

सतवंतनं टोपली पुढं केली. देबोनं पहिली रोटी हातातल्या कापडी गादीवर घेऊन तंदूराच्या भिंतीला थापली आणि वाकून पाहिलं. रोटी टम्म फुगत होती. आत बटाटा असला, मुळा असला, तर रोटी अशी फुगत नाही. देबोला हसू आलं. सळईनं तिनं ती बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर उंच धरली.

"बघा गं! सतवंतचे बटाटेसुद्धा उडाले वाटतं इटलीला!"

बायका खदखदून हसल्या. सतवंत पुढं झाली, म्हणाली, "चाची, दे ती इकडं." पण देबोला हसण्याची चटक लागली होती. "थांब, मोडू तरी दे. आज सुटका नाही तुझी," म्हणत तिनं रोटीचे दोन तुकडे केले.

आतून वाफ निघाली. दुसरं काहीच निघालं नाही. मुळ्याचा कीस नाही, कोथिंबिरीचं पान नाही.

हसणं एकदम थांबलं. काश्मीरो आपल्या ओढणीचं टोक बघत बसली. सतवंतनं देबोच्या हातातून दोन्ही तुकडे घेतले, न भाजलेल्या रोट्यांवर ठेवले, फडकं झाकलं आणि ती गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीनं ओळखलं, की बचित्तर काही पाठवत नाही. त्याचा पत्तासुद्धा घरात कुणाला ठाऊक नाही, हेही हळूहळू बाहेर आलं.

निहाल कौर दारात बसायची बंद झाली. सतवंत तंदूराकडे फिरकेना. देबोला अन्न गोड लागेना. कुणी हसून बोललं तरी तिला वाटे, आपल्यालाच हसताहेत. आणि कुणी हसलं नाही, की त्याहून वाईट वाटे. शेवटी एका दुपारी पनीर भरलेल्या चार रोट्या लोण्यासकट घेऊन ती निहाल कौरच्या घरी गेली. सतवंत कुणाच्या तरी घरी गोधड्या शिवायला गेली होती. म्हातारी खाटेवर एकटीच होती.

"बेबे, चुकले मी," देबो उभ्या उभ्याच म्हणाली. "माझी जीभ झडली का नाही!"

"बस आधी. जीभ तुझी आजची आहे होय?" म्हातारीनं रोट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "रोज पोरगी कांद्याची पात तरी चिरून घालायची. त्या दिवशी तीही नव्हती. थापून आण, वरून कुणाला कळत नाही, हे तिला मीच शिकवलेलं."

"तुम्ही?"

"मग? बचित्तरचा बाप गेला तेव्हा दोन हिवाळे मी तशाच आणल्या. तुझ्या सासूच्या तंदूरावर."

"आणि तिला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं. भिंतीला लावायच्या आधी बोटानं हळूच टोचून द्यायची, फुगू नयेत म्हणून. आणि वर मोठ्यानं म्हणायची, निहालो, मुळा फार भरलास गं! मेली, पण कुणाला बोलली नाही. तुलासुद्धा नाही ना?"

देबोनं मान हलवली. त्याच सासूच्या शेजारी बसून ती वर्षानुवर्षं रोट्या भाजायला शिकली होती. तापलेल्या भिंतीला हात कसा लावायचा एवढंच तिनं उचललं होतं. तिला तिथंच रडू फुटलं. म्हातारीनं तिला रडू दिलं, गप्प हो म्हणाली नाही.

रात्री बेबेकडून सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी भर गर्दीत सतवंत टोपली घेऊन आली. बायकांनी सरकून जागा केली, जरा जास्तच जागा केली. देबोनं खाली मान घालून रोटी गादीवर घेतली आणि कुणाला दिसणार नाही असं बोट तिच्यावर टेकवलं.

सतवंतनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे, चाची," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "फुगू दे आता."

देबोनं रोटी भिंतीला लावली आणि तंदूरात तोंड घालून ती फुगेपर्यंत वाकून राहिली.