सिल्वेरचा पाइप

लिओनीमावशी छातीला पट्टा बांधून नवऱ्याची मालनाव काठावरून ओढायची. बेल्जियममधल्या डेंडर नदीवर कुणाला त्याचे नवल नव्हते. विटांनी भरलेली नाव वळणावर काठाला घासू न देणे हे सुकाणूवरच्याचे काम. ते सिल्वेरकाकांना येई, तिला जमत नसे. शिवाय काकांचे हृदय अधू होते.

माझे वडील बंधाऱ्याचे दार सांभाळत. १९३१ मध्ये नदीकाठच्या कष्टांवर चित्रपट काढायला ब्रसेल्सहून एक साहेब आला. त्याने कॅमेरा आमच्याच दारापाशी मांडला. मी तेरा वर्षांची, नन्सच्या शाळेतून सुट्टीला आलेली. त्या दिवशीची नोंद माझ्या रोजच्या वहीत आहे: ‘साहेबाने काकांना पाइप पेटवायला सांगितला. काका म्हणाले, सुकाणूवर मी पीत नाही. साहेब म्हणाला, एकच झुरका घ्या, चेहरा छान दिसतो.’

काकांनी पेटवला. साहेबाला नाही कोण म्हणणार?

ऑक्टोबरात चर्चच्या सभागृहात चित्रपट लागला. पडद्यावर मावशी कमरेत वाकलेली, पट्टा छातीत रुतलेला, आणि लगेच काका, निवांत धूर सोडताना. सगळे खो खो हसले.

मग प्रत्येक धक्क्यावर तेच.

“काय सिल्वेर, घोडीला चारा घातलास का?”

“नाल कधी ठोकतोस रे बायकोला?”

मावशी ब्रसेल्सला जाऊन आली. माझ्या आईला म्हणाली, “म्हटलं, साहेब, तेवढा पाइप काढून टाका. तर म्हणतो, बाई, त्यातच तर सगळी मजा आहे.”

दुसऱ्या दिवशी काकांनी पट्टा स्वतःच्या छातीला बांधला.

“अरे, मरशील!” मावशी ओरडली.

“मरेन. पण दात काढणारे तरी गप्प बसतील.”

मावशी सुकाणूवर बसली. नाव सारखी काठाला घासे, आणि काकांना दुप्पट जोर लावावा लागे. अकरा नोव्हेंबरला पॉपलरच्या झाडांच्या रांगेपाशी दोर सैल पडला. तिला वाटले, दम घेतोय. नाव तशीच, काठावर कोसळलेल्या काकांच्या पुढे निघून गेली.

गेल्या वर्षी गावच्या संग्रहालयात तोच चित्रपट दाखवला, आता संगीतासह. पंच्याऐंशीच्या मावशीला मीच घेऊन गेले. पाइप आला. लोक हसले.

“तो सुकाणूवर पीत नव्हता,” मावशी मोठ्याने म्हणाली.

पुढची मुलगी वळली. “आजी, शांत बसा ना. आम्हाला बघू द्या.”

घरी येताना मावशी म्हणाली, “तू रोज लिहितेस ना? मग हेही लिही.”

जानेवारीत ती गेली. मी लिहिले आहे. चित्रपट दर रविवारी दोनदा दाखवतात.