झावच्या राजाची विजार

सासूबाई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, बॉथेलला आमच्याकडे आल्या, त्या वसंतात मी चाळिशी ओलांडून पुन्हा विद्यार्थिनी झाले होते. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होते. म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात प्राचीन जगाच्या इतिहासाचा वर्ग घेतला. पुण्यात संस्कृत घेऊन एम. ए. केले असले तरी त्या वर्गात मी एकदाही तोंड उघडले नव्हते. सलवार-कमीज, त्यावर जाड कोट, आणि शेवटच्या रांगेतली खिडकीजवळची खुर्ची, एवढीच तिथे माझी ओळख होती.

वर्गात जे बोलवत नसे, ते मी घरी बोलत असे. दुपारी सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडायला बसत आणि मी समोर पुस्तक उघडून त्या दिवशीचा धडा त्यांना मराठीत सांगत असे. लग्नाला पंधराएक वर्षे झाली होती, पण एकमेकींशी इतके बोलण्याची वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली होती. नवरा आणि चौथीतली मुलगी संध्याकाळी परतेपर्यंत त्या घरात दुसरा आवाज नसे. मी त्या दुपारांची किती वाट पाहते, हे त्यांना सांगण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

चीनचे प्रकरण सुरू झाले तेव्हा मी सांगितले, की त्या काळी तिथे एक देश असा नव्हताच. सात मोठी राज्ये होती आणि ती एकमेकांवर टपून बसलेली असत. आज तह, उद्या चढाई.

"म्हणजे आमच्या बांधावरचे चुलते," सासूबाई म्हणाल्या. "लग्नात पंगतीला शेजारी बसायचे आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात."

त्यांतल्या झाव नावाच्या राज्याचा एक राजा त्यांच्या विशेष लक्षात राहिला. त्याचे नाव मला तेव्हाही नीट उच्चारता येत नव्हते, म्हणून आम्ही त्याला नुसते 'राजा'च म्हणत असू. चारी बाजूंनी प्रतिस्पर्धी, उत्तरेला घोड्यावरून बाण मारणाऱ्या टोळ्या, आणि याचे लोक मात्र घोळदार झगे घालून रथातून लढणारे.

"आणि मग?"

"पुढचं उद्या, आई. उद्याचं अजून वाचलं नाही."

सकाळी सासूबाई नदीकाठच्या पायवाटेवर फिरायला जात. गुडघे आखडू नयेत म्हणून चालणे आवश्यक आहे, असे निघण्यापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी बजावले होते. पाचवारी साडी, मोजे, त्यावर बूट आणि मुलाचे जुने जाकीट, असा त्यांचा वेष असे. बॉथेलचा पाऊस कोसळत नाही, नुसता भुरभुरत राहतो. निऱ्या घोट्यापर्यंत भिजत आणि काठच्या काटेरी जाळ्यांत पदर अडके. एके दिवशी मागून सायकलवाला "ऑन युअर लेफ्ट!", म्हणजे डावीकडून पुढे जातोय, असे ओरडत आला. बाजूला होताना ओल्या निऱ्यांत पाय गुंतला आणि त्या पडल्या. गुडघा खरचटला, तळहात सोलवटले. हाड वाचले हे नशीब.

त्याच दुपारी मी दुकानातून त्यांच्या मापाची काळी, मऊ, कमरेला इलॅस्टिक असलेली पँट आणली. समोर जाऊन द्यायला मला संकोच वाटला. संध्याकाळी मी ती, किमतीच्या लेबलासकट, मुलीच्या हाती त्यांच्या खोलीत पाठवली आणि स्वतः स्वयंपाकघरात उभी राहून कान देऊन ऐकत राहिले.

"आजी, मॉम सेज यू हॅव टु वेअर धिस. फॉर वॉकिंग."

मग सासूबाईंचा शांत आवाज आला, "तुझ्या आईला म्हणावं, आजीचा गुडघा दुखतोय. आजी आता फिरायला जाणार नाही."

त्यानंतर त्या खरोखरच बाहेर पडल्या नाहीत. दुपारी टेबलाशीही येईनात. मेथीची जुडी खोलीत नेऊन तिथेच निवडत. आणि रविवारी चहा घेताना त्या मुलाला म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ रे. इथे बसून तरी काय करायचंय?"

"अगं आई, अजून चार महिने आहेत तुझे! काय झालं?"

"काही नाही झालं. घराची आठवण येते."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी बशीकडे पाहिले.

सोमवारी कॉलेजच्या बसमध्ये मी पुढची पाने उघडली. राजाने ठरवले होते, की आपल्या लोकांनीही त्या टोळ्यांसारखी विजार घालायची आणि घोड्यावर बसायला शिकायचे. दरबार कुजबुजू लागला. घराण्यात वडीलधारा एक काका होता. त्याने मानले तर सगळे मानतील, म्हणून राजाने त्याच्याकडे माणूस पाठवून निरोप दिला. काकाने उलट कळवले, की माझी प्रकृती बरी नाही. ते वाचले आणि माझे कान तापले. बसमध्ये मला ओळखणारे कोणी नव्हते, तरीही मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले.

घरी आल्यावर कोटही न काढता मी त्यांच्या दाराशी गेले. "आई, राजाचं पुढचं वाचलं. सांगू?"

त्यांनी चष्मा सरकवला. "सांग. दारात का उभी आहेस?"

मी पलंगाच्या कडेला बसून सगळे सांगितले. निरोप, काकाचे आजारपण, आणि मग राजा स्वतः उठून काकाच्या घरी कसा गेला, तेही. कपडा माणसाच्या सोयीसाठी असतो, असे त्याने काकाला समोर बसून समजावले होते, आणि काकाने ते मानले होते.

सासूबाईंनी मेथीची काडी मोडली. "म्हणजे तो काका मी."

"तसं नाही, आई..."

"तसंच आहे. बरं केलंस, आलीस." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या राजानं स्वतः घातली होती का विजार?"

"हो. आधी त्यानंच."

"आणि तू?"

मी माझ्या ओढणीकडे पाहिले. तीन हिवाळे झाले होते, पण मीही कधी पँट घातली नव्हती. वर्गात आधीच सगळे आपल्याकडे पाहतात असे मला वाटे. त्यात आणखी भर कशाला, असा माझा हिशेब होता.

"नवीन लुगड्याची घडी आपण कुणाला मोडायला देतो?" त्यांनी विचारले.

"आपल्या माणसाला."

"मग? कुंकू आण."

मी देव्हाऱ्यातली कुंकवाची कुयरी आणली. लेबल कापून टाकले. त्यांनी पँटच्या कोपऱ्याला कुंकवाचे बोट लावले आणि ती माझ्या हातात दिली. त्यांचे माप माझ्या दुप्पट. मी आत जाऊन ती चढवली आणि कंबर दोन्ही मुठींत धरून बाहेर आले. त्याच वेळी मुलगी शाळेतून आली.

"मॉम! व्हॉट आर यू वेअरिंग?"

"घडी मोडतेय," आजीने परस्पर सांगितले. "आता जा, बिल्डिंगला एक चक्कर मारून ये. घरात घातलेलं धरत नाही."

मी गेले. पार्किंगमधून, कचऱ्याच्या डब्यांवरून, टपालपेट्यांपाशी थांबलेल्या एका शेजाऱ्याला 'हाय' म्हणत. वर खिडकीत सासूबाई आणि नात उभ्या होत्या, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसत होत्या की त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती घातली. वर माझा लांब कुडता, त्यावर शाल. पायवाटेवर पहिल्यांदा त्या भिंतीच्या आधाराने चालावे तशा चालल्या, मग हळूहळू हात सुटे झाले. मागून "ऑन युअर लेफ्ट!" ऐकू आले तेव्हा त्या माझ्याआधी बाजूला झाल्या आणि मलाच दंडाला धरून त्यांनी कडेला ओढले.

पुलाजवळ त्यांनी विचारले, "मग त्या राजाचं शेवटी काय झालं?"

शेवट मी वाचला होता. क्षणभर वाटले, अजून वाचायचा आहे म्हणावे. पण त्या दुपारांत मी त्यांना एकही गोष्ट बदलून सांगितली नव्हती.

"त्यानं जिवंतपणीच धाकट्या मुलाला गादी दिली. मग मुलांत भांडण लागलं. थोरला हरला आणि बापाच्या वाड्यात लपला. फौजेनं वाड्याला वेढा घातला. थोरला मारला गेला, राजा आत एकटाच उरला. अन्न संपलं. घरट्यांतली पिल्लं काढून खाल्ली म्हणतात. शेवटी उपासमारीनं गेला."

"वेढा कुणी घातला?"

"काकानं, आई. त्याच काकानं. सोबत आणखी एक सरदार होता."

त्या थांबल्या. नदीत बदके होती. त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग परत फिरल्या, आणि घर येईपर्यंत माझा दंड त्यांनी सोडला नाही.

घरी आल्यावर मी कॉलेजची पिशवी भरू लागले. त्या पँट न बदलताच ओट्याशी उभ्या राहिल्या होत्या. तव्यावर थालीपीठ थापल्याचा आवाज आला, मग खरपूस वास.

"बस."

"बस निघेल माझी, आई."

"पुढची बस असते. बस."

त्यांनी थालीपीठ वाढले, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला. ते संपायच्या आत दुसरे वाढले.

"पुरे, खरंच."

"घे म्हणते ना," त्या म्हणाल्या, आणि तिसरे तव्यावर टाकायला वळल्या.